तीन एकर वाइन द्राक्षं, एक शेततळं आणि सेन्सरचं पॅकेज: पाण्याचा हिशेब आधी कुठे लावायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. निफाड तालुक्यातल्या एका बागायतदाराने थॉमसनची (खाण्याच्या द्राक्षाची) जुनी बाग काढून तीन एकरांवर शिराझ (लाल वाइनची जात) आणि शेनिन ब्लांक (पांढऱ्या वाइनची) लावली आहे. खुंट, म्हणजे ज्याच्या मुळांवर कलम केलंय तो, ११० आर, अंतर ९ बाय ५ फूट, मांडणी उभ्या तारांची, म्हणजे व्हीएसपी. जमीन अर्धी भारी काळी, अर्धी मुरमाड. वायनरीशी करार झालेला आहे. पाण्याला एक विहीर, पालखेडच्या कालव्याचं बेभरवशाचं आवर्तन आणि ३० बाय ३० मीटरचं, तीन मीटर खोल, अस्तर घातलेलं शेततळं. दरवर्षी मेच्या अखेरीस तळं तळाला जातं. एका कंपनीने जमिनीतले ओलाव्याचे सेन्सर, मोबाइलवरून चालणारे व्हॉल्व्ह आणि हवामान केंद्र असं पॅकेज सुचवलंय आणि "निम्मं पाणी वाचेल" असं सांगितलंय. घ्यावं का?

दादा, सेन्सर घ्या, पण यंदा नाही. तुमचं पाणी जिथे जातंय तिथे सेन्सर बसत नाही. कसं ते आकड्यांतच दाखवतो, कारण पाण्याच्या बाबतीत अंदाजाने बोललेलं बागेला पुरत नाही.

मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचं पाण्याचं गणित बाष्पीभवनावर, म्हणजे पॅन या उघड्या मापपात्रातून रोज किती पाणी उडतं त्यावर, आधारलेलं आहे. खरड छाटणीनंतर (ही एप्रिलची छाटणी) फुटी वाढायच्या काळात, म्हणजे साधारण पहिले ४० दिवस, दर मिलिमीटर बाष्पीभवनाला हेक्टरी ४२०० लिटर. पुढे सूक्ष्मघड निर्मितीच्या काळात, म्हणजे डोळ्यांत पुढच्या हंगामाचे घड तयार होतात तेव्हा, १४०० लिटर. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे रोजचं बाष्पीभवन ८ मिमी धरा. मग एकराला पहिल्या टप्प्यात रोज सुमारे १३,४४० लिटर, दुसऱ्या टप्प्यात ४,४८० लिटर. तीन एकरांना पहिल्या ४० दिवसांचे झाले १६ लाख लिटर, पुढच्या २० दिवसांचे पावणेतीन लाख. एप्रिलच्या मध्याला छाटणी धरली तर जूनच्या मध्यापर्यंत पावणेएकोणीस लाख लिटर लागतात.

तुमच्या तळ्याचे बांध एकास एक उताराचे असतील तर त्यात २१ लाख ९६ हजार लिटर पाणी बसतं. कागदावर पुरायला हवं. पुरत नाही, कारण ९०० चौरस मीटरचं उघडं पाणी उन्हात पसरलेलं आहे. तळ्यातून पॅनपेक्षा कमी उडतं, तरी उन्हाळ्यात दिवसाला ५ मिमीच्या आसपास. ५ मिमी ऐकायला काहीच नाही, पण ९०० चौरस मीटरवर ते होतात ४,५०० लिटर. म्हणजे सूक्ष्मघड निर्मितीच्या दिवसांत तुमचा एक एकर जेवढं पाणी पितो, तेवढंच तळं रोज हवेत सोडतं. फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, पातळी खाली जाताना पृष्ठभागही कमी होतो हे धरूनसुद्धा, पाच लाख लिटरच्या घरात तूट येते. बावीसातून पाच गेले, राहिले सतरा, लागणार पावणेएकोणीस. शिवाय तळाचा गाळ आणि पंपाला न खेचता येणारं पाणी वेगळंच. मेच्या अखेरीला तळं कोरडं पडतं ते यामुळे.

म्हणून पहिला खर्च तळ्यावर करा. दोन्ही बांधांना खुंट रोवून, गॅल्व्हनाइज्ड तारा ताणून त्यावर शेडनेट टाकता येतं. वाऱ्याने ते फाटू नये म्हणून तारा जवळजवळ घ्या आणि कडेने सैल ठेवू नका. सगळं बाष्पीभवन थांबत नाही, पण बरंच कमी होतं आणि शेवाळही घटतं. शेवाळ कमी म्हणजे सँड फिल्टर कमी वेळा धुवायचा, तिथेही पाणी वाचतं. उद्या कधी दुसरं तळं घ्यायची वेळ आली तर तोंड लहान ठेवून खोली वाढवा. तेवढंच पाणी साठवायला उघडा पृष्ठभाग कमी लागतो. आणि कृपा करून तळं भरण्यासाठी नवी बोअर मारू नका. आपला खडक बेसाल्ट आहे, पाणी वरच्या झिजलेल्या मुरमात आणि भेगांत असतं, साठा मर्यादित. बोअरमधून उपसून उघड्यावर उन्हात ठेवलेलं पाणी म्हणजे शेजाऱ्याच्या विहिरीतलं पाणी हवेत सोडणं. २००९ च्या भूजल कायद्याने ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधन घातलंय ते उगाच नाही.

आता खरी बचत बघू. वर धरलेले ४२०० लिटर हे मुख्यतः खाण्याच्या द्राक्षांचं, मांडवावर किंवा वाय तारेवर पसरलेल्या वेलींचं गणित आहे. तुमची बाग व्हीएसपीवर आहे, पानांची भिंत उभी आणि अरुंद. वेल पाणी किती उडवते हे तिच्या पानांवर किती ऊन पडतं यावर ठरतं. कॅलिफोर्नियात लॅरी विल्यम्स यांनी थॉमसनच्या वेली वजन मोजणाऱ्या मोठ्या टाकीत, लायसिमीटरमध्ये, वाढवून हे तपासलं आणि एक सोपं नातं मांडलं: दुपारी वेलीखाली जमिनीचा जितके टक्के भाग सावलीत असतो त्याला ०.०१७ ने गुणलं की पिकाचा गुणांक मिळतो, म्हणजे संदर्भ बाष्पोत्सर्जनाच्या किती पट पाणी वेल उडवते तो आकडा.

हे तुम्ही टेपने करू शकता. दुपारी साडेबारा-पाऊणच्या सुमाराला ओळीत उभे राहा. मेच्या तिसऱ्या आठवड्यात नाशिकमध्ये सूर्य अगदी डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस तेव्हाच असतो, त्यामुळे मोजमापाला याहून चांगला काळ नाही. ओळीला आडवी टेप धरा आणि सावलीची रुंदी मोजा. मधे ऊन गळत असेल तर तेवढं वजा करा. वीस ठिकाणी मोजून सरासरी काढा. समजा सावली २ फूट भरली. ९ फुटांतले २ म्हणजे २२ टक्के. गुणांक आला ०.३७. पॅनमधलं बाष्पीभवन ८ मिमी असेल तर संदर्भ बाष्पोत्सर्जन (त्याच हवेत आखूड हिरवं गवत जेवढं पाणी उडवेल ते) त्याच्या साधारण ०.७ पट, म्हणजे ५.६ मिमी. गुणाकार केला की २.१ मिमी, एकराला सुमारे ८,५०० लिटर. तुम्ही १३,४४० देत असाल तर पाच हजार लिटर रोज जास्त जातंय. छाटणीनंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तर सावली जेमतेम फूटभर असते, तेव्हाची गरज याच्याही निम्मी. बाग फुटायला एकदा भरपूर ओल द्यायची हे बरोबर, पण त्यानंतर दिवसाआड तेवढंच पाणी सोडत राहणं ही मांडवाच्या बागेची सवय आहे. वाइनच्या बागेत ती सोडायला हवी.

उष्ण वारे सुटले की या आकड्यावर दहा-पंधरा टक्के जास्त धरा. पण सुरुवात सावलीच्या आकड्यापासून करा आणि दर आठवड्याला पुन्हा मोजा, कारण मेमध्ये फुटी बघता बघता वाढतात.

हे पाणी प्रत्यक्ष वेलीपर्यंत तेवढंच पोहोचतंय का, हा पुढचा भाग. मुख्य लाइनवर वॉटर मीटर बसवा. पॅकेजमधल्या एका सेन्सरच्या किमतीत तो येतो आणि त्याच्याशिवाय "निम्मं पाणी वाचलं" हे कुणालाच सिद्ध करता येणार नाही. तुमच्या अंतरावर एकरी ९६८ वेली बसतात. वेलीला ताशी ४ लिटरचे दोन ड्रीपर असतील तर एक एकर तासाला ७,७४४ लिटर घेतो. मीटर त्याहून बरंच कमी दाखवत असेल तर ड्रीपर तुंबलेत, जास्त दाखवत असेल तर कुठेतरी फुटलंय.

मग ड्रीपर तपासा. ४ लिटरच्या ड्रीपरखाली पेला धरला तर मिनिटाला ६७ मिलिलिटर जमायला हवं. मोबाइलवर मिनिट लावा, मापाच्या नळीत ओता, वहीत लिहा. पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या लॅटरलवर (ओळीतल्या ठिबकच्या नळीवर), प्रत्येकीच्या सुरुवातीला, मधे आणि टोकाला. सगळ्या आकड्यांची सरासरी काढा, मग सर्वांत कमी भरलेल्या पाव आकड्यांची सरासरी काढा आणि दुसरीला पहिलीने भागा. ९० टक्क्यांच्या वर असेल तर उत्तम. ८० च्या खाली असेल तर कोणताही सेन्सर तुम्हाला वाचवणार नाही. टोकाच्या वेलींना ४५ मिलिलिटर मिळत असेल तर त्या वाचवायला तुम्ही सगळ्या बागेला दीडपट वेळ पाणी सोडता, आणि सुरुवातीच्या वेली त्यात माजतात. फुटीच फुटी, घड सावलीत, भुरीला आमंत्रण. लॅटरलची टोकं उघडून धुणं, आम्लप्रक्रिया, फिल्टरच्या दोन्ही बाजूंचे प्रेशर गेज बघणं, ही कामं कंटाळवाणी आहेत, पण निफाडकडच्या क्षारयुक्त पाण्यात ती चुकवली की दोन वर्षांत ड्रीपर पांढरे पडतात. ही चाचणी काळ्या आणि मुरमाड भागात वेगवेगळी करा आणि त्या दोन भागांना वेगळे व्हॉल्व्ह द्या. एका व्हॉल्व्हवर दोन जमिनी चालवणं हा तुमच्या बागेतला सगळ्यात महागडा दोष आहे, तुमच्या पत्रात तो ओझरता आला म्हणून मुद्दाम सांगतो.

आच्छादन करा. ओळीखाली, ठिबकच्या नळ्यांवर, उसाचं पाचट तीन-चार इंच जाड पसरा. उघड्या काळ्या मातीतून ओलावा भेगांवाटे खोलवरून उडतो, पाचट तो अडवतं. त्याखाली उंदीर आणि वाळवी येतात, नळ्या कुरतडल्या जातात, म्हणून आठवड्यातून एकदा ओळीने फिरून बघावं लागतं. एवढा त्रास सोसण्यासारखा फायदा आहे.

आता सेन्सर. इथवरची कामं झाली की ते खरोखर उपयोगाचे. मुरमाड भागात टेन्शिओमीटर, म्हणजे माती पाणी किती जोराने धरून आहे ते मोजणारी नळी, छान चालतो. काळ्या मातीत मात्र तो फसतो. तो ८० सेंटिबारच्या आसपास हवा ओढून बंद पडतो, आणि काळी माती भेगाळली की त्याच्या टोकाचा मातीशी संबंधच तुटतो. हवा शिरली की काटा शून्याकडे घसरतो, तुम्हाला वाटतं बाग ओली आहे, प्रत्यक्षात ती कोरडी ठणठणीत असते. काळ्या भागात जिप्समच्या जातीचे, रोध मोजणारे सेन्सर घ्या, ते जास्त कोरडेपणापर्यंत आकडा देतात. बसवताना त्याच खड्ड्यातल्या मातीचा पातळ चिखल करून त्यात टोक रोवा, आणि माती ओली असताना बसवा. ड्रीपरपासून वीतभर अंतरावर, एक ३० सेंटिमीटरवर आणि एक ६० वर. वरचा तुम्हाला कधी पाणी द्यायचं ते सांगेल, खालचा जास्त झालं का ते. पाणी दिल्यावर दर वेळी खालचा आकडा ओल्याकडे सरकत असेल तर पाणी मुळांच्या खाली जातंय. ओलाव्याची टक्केवारी दाखवणारे कपॅसिटन्स सेन्सर काळ्या, फुगणाऱ्या मातीत तुमच्या मातीवर कॅलिब्रेट केल्याशिवाय, म्हणजे तिच्या खऱ्या ओलाव्याशी आकडा जुळवून घेतल्याशिवाय, वापरू नका. विक्रेत्याला विचारा, कॅलिब्रेशन कोणत्या मातीत झालंय? वालुकामय पोयट्यात झालं असेल तर तो आकडा तुमच्या शेतात निरर्थक आहे.

सेन्सर बसवण्याआधी जेसीबीने दोन्ही भागांत एकेक खड्डा घ्या, चार फूट खोल, ओळीला लागून. मुळं कुठे आहेत ते डोळ्यांनी बघा. मुळं फुटावरच थांबली असतील तर दोन फुटांवरचा सेन्सर कुणासाठी?

वाइनच्या द्राक्षांना ताण द्यावा असं वायनरीचे लोक सांगतात, ते खरं आहे. पण कधी आणि कुठल्या जातीला हे महत्त्वाचं. ऑक्टोबर छाटणीनंतर फुलोरा ते मणी सेट होईपर्यंत अजिबात ताण नको. त्यानंतर मण्यांत पाणी उतरेपर्यंतचा, म्हणजे मणी मऊ पडून रंग धरू लागेपर्यंतचा, काळ शिराझसाठी ताणाचा. तेव्हा पाणी कमी केलं की शेंडा थांबतो, मणी लहान राहतो, आणि लाल वाइनचा रंग नि दाट चव सालीतच असल्याने गराच्या मानाने सालीचं प्रमाण वाढतं. पाणी उतरल्यावर हलका ताण चालू ठेवा, पण पाणी तोडू नका. शिराझ ही जात पाणी संपत आलं तरी पर्णरंध्रं लवकर मिटत नाही. ताण हाताबाहेर गेला की बुडाची पानं पिवळी पडून गळतात, घड उन्हात येतात, मणी सुकतात, गोडी वाढल्यासारखी दिसते, पण ते पाणी आटल्यामुळे. शेनिनला एवढाही ताण नको. पांढऱ्या वाइनला आम्लता आणि ताजेपणा लागतो, तो पानांच्या सावलीत टिकतो. जास्त ताण दिलेल्या पांढऱ्या द्राक्षांच्या रसात नत्रही कमी उतरतं आणि वायनरीत किण्वन रेंगाळतं.

आणखी एक गोष्ट. आपला पाऊस ऑक्टोबरपर्यंत रेंगाळतो. काळी माती तेव्हा पोटभर ओली असते. नोव्हेंबरमध्ये तुम्ही ठिबक बंद ठेवलं तरी काळ्या भागातल्या शिराझला ताण बसायला आठवडे लागतात, मुरमाडात तीच गोष्ट काही दिवसांत होते. ऑस्ट्रेलिया किंवा इस्राइलमधल्या हलक्या जमिनींसाठी लिहिलेलं ताणाचं वेळापत्रक जसंच्या तसं इथे लावलं की काळ्या भागात काहीच होत नाही आणि मुरमाड भाग होरपळतो.

ताण बसलाय का हे वेलीलाच विचारायचं. त्यासाठी फ्रान्समधल्या द्राक्ष सल्लागारांची एक फुकटची पद्धत मी सगळ्यांना शिकवतो. फुटीच्या शेंड्याजवळची शेवटची दोन उमललेली पानं बोटांत धरून शेंड्याकडे मिटवा. शेंडा पानांच्या पुढे डोकावत असेल तर वाढ जोरात आहे. पानांनी शेंडा झाकला जात असेल तर वाढ मंदावली. शेंडा वाळला किंवा गळाला असेल तर थांबली. एका भागात पन्नास फुटी बघा, तिन्हींची संख्या लिहा, आठवड्याने पुन्हा बघा. मणी सेट झाल्यावर शिराझमध्ये झाकलेल्या शेंड्यांची संख्या वाढत जायला हवी आणि पाणी उतरेपर्यंत बहुतेक शेंडे थांबलेले हवेत. अर्ध्या तासाचं काम आहे.

याच्या पुढची पायरी म्हणजे प्रेशर चेंबर. पान तासभर आधी चकचकीत फॉइलच्या पिशवीत झाकून ठेवायचं, दुपारी कापून चेंबरमध्ये घालायचं, देठ बाहेर, आणि नायट्रोजनचा दाब वाढवत न्यायचा. देठाच्या कापावर रसाचा थेंब दिसला की गेज वाचायचा. ८ ते १० बारला थेंब आला तर हलका ताण, १२ च्या आसपास लाल जातींना चालेल असा, १४ च्या पलीकडे गेला तर त्याच रात्री पाणी द्या. उपकरण महाग आहे, एकट्याने घेऊ नका. तुमच्या वायनरीकडे असेल तर त्यांच्या शेती विभागाला मोजायला बोलवा. तो आकडा त्यांनाही हवा असतो.

अर्धी मुळं ओली आणि अर्धी कोरडी ठेवून आलटून पालटून पाणी द्यायची पद्धत कंपनीने सुचवली असेल. ऑस्ट्रेलियात नव्वदच्या दशकात ती विकसित झाली, तत्त्व पक्कं आहे. तुमच्या काळ्या भागात ती चालणार नाही, कारण ओल आडवी पसरते आणि कोरडी बाजू कोरडीच होत नाही. मुरमाड भागात दोन लॅटरल असतील तर करून बघा.

उपग्रहाच्या चित्रांसाठी वेगळे पैसे देऊ नका. सेंटिनेल-२ ची चित्रं फुकट आहेत, दर पाच दिवसांनी येतात, पण एक ठिपका १० मीटरचा. त्यात तुमच्या तीन-चार ओळी आणि मधलं गवत एकत्र मिसळतं, आणि पावसाळ्यात ढगच दिसतात. बागेतला कमजोर पट्टा शोधायला ती चांगली, आज पाणी किती द्यायचं हे ठरवायला नाहीत.

हवामान केंद्राचा खरा फायदा पाण्यापेक्षा रोगाला होतो. पान किती तास ओलं राहिलं हे कळलं की केवड्याची फवारणी कधी टाळता येईल हे ठरवता येतं. पण एक केंद्र शेजारच्या चार-पाच बागांना मिळून घेता येतं. पाऊस आणि तापमानासाठी महावेधचं, म्हणजे राज्याच्या हवामान केंद्रांच्या जाळ्यातलं, तुमच्या महसूल मंडळाचं केंद्र आहेच.

विहिरीचं पाणी प्रयोगशाळेत द्या, उन्हाळ्यातलं, पावसाळ्यातलं नव्हे. द्राक्षाला जमिनीची क्षारता, संपृक्त अर्काची ईसी (विद्युतवाहकता), दीड डेसिसायमन्स प्रति मीटरच्या पुढे गेली की उत्पादन घटू लागतं. पाणी काटेकोर दिलं की क्षार मुळांच्या कडेला साचतात, आपल्याकडे पाऊस ते धुऊन नेतो, पण पाऊस कमी झालेल्या वर्षी पुढच्या उन्हाळ्याआधी माती तपासा. वायनरी टाक्या धुतलेलं पाणी शेतीला फुकट देते असं कधी कानावर आलं तर आधी त्यातलं सोडियम विचारा. धुण्याला कॉस्टिक सोडा वापरत असतील आणि प्रक्रिया नीट होत नसेल तर ते पाणी काळ्या मातीत सोडू नका. सोडियमने माती घट्ट होते, पावसाचं पाणी वर साचून राहतं, आणि ते दुरुस्त करायला वर्षं जातात.

कालव्याच्या आवर्तनाबद्दल. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, असं सूत्र मेंढेगिरी समितीने मांडलं होतं. ही तारीख नेमकी आपल्या गोडी छाटणीच्या, म्हणजे ऑक्टोबर छाटणीच्या, दिवसांत येते आणि दर तुटीच्या वर्षी तालुक्यात त्यावरून तापतं. खालच्या गावांचाही गोदावरीवर हक्क आहे, त्यामुळे वाद घालण्यापेक्षा आपल्या वाट्याचं पाणी मोजून घेणं आपल्या हातात आहे. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणाच्या प्रकल्पावर ते झालंय. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था उभ्या केल्या, पाणी घनमापनाने घ्यायला सुरुवात केली, आणि आता सगळ्या प्रकल्पाचं पाणी शेतकरीच वाटतात. जमेल तेव्हा मोहाडी-ओझरच्या बाजूला जाऊन त्या संस्थांच्या लोकांशी बोला. आवर्तन कधी आणि किती हे आधी कळलं तर तळं जानेवारीतच काठोकाठ भरून उन्हात ठेवायची गरज राहत नाही. उन्हाळी आवर्तनाने ते छाटणीच्या तोंडावर भरता येतं, आणि फेब्रुवारी-मार्चचं बाष्पीभवन आपोआप वाचतं.

पुढच्या वर्षी पॅकेज घ्यायला निघालात तर पैसे देण्याआधी कंपनीकडून लेखी घ्या: काळ्या मातीतलं कॅलिब्रेशन त्यांच्या खर्चाने, बॅटरी आणि सिमचा वार्षिक खर्च किती, मोबाइलला रेंज नसताना व्हॉल्व्ह हाताने उघडता येतो का, आणि कंपनी बंद पडली किंवा तुम्ही वर्गणी थांबवली तरी तुमच्या बागेचे सगळे आकडे तुम्हाला फाइलमध्ये मिळतील का. सोबत तुमच्या मीटरचं यंदाच्या एप्रिल ते जूनचं रोजचं वाचन घेऊन बसा. "निम्मं पाणी" कशाच्या निम्मं, हे मग त्यांना त्या वहीवरच दाखवावं लागेल.